एकच पिशवी, दोन निकाल

कॅन्सर गर्भाशयाच्या तोंडाशी सुरू झाला असेल तर पोट उघडून केलेलं ऑपरेशन जास्त सुरक्षित. तोच आतल्या अस्तरात सुरू झाला असेल तर दुर्बिणीचं बरं. दोन्ही विधानं सुरुवातीच्या टप्प्यातल्या आजाराबद्दल आहेत, दोन्हींच्या मागे मोठ्या चाचण्या आहेत, आणि ज्या अवयवाबद्दल ती आहेत तो अख्खा मिळून मुठीएवढा. तोंड आणि अस्तर यांच्यात अंतर दोन-तीन बोटांचं.

दादरा नगर हवेलीतल्या सिल्वासाजवळच्या खडोलीत, जिथे कारखान्यांच्या कंपाउंडला लागूनच आदिवासी पाडे सुरू होतात, तिथे हा फरक कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही फारसं वेगळं चित्र नाही म्हणा. ‘पिशवी खराब झालीय, काढायला सांगितलीय’ इथपर्यंत निरोप पोचतो. मग घरचे विचारतात, ‘फाडून की दुर्बिणीने?’ आणि त्यानंतर, ‘खर्च किती?’ नेमका कुठला कॅन्सर, हे विचारायचं राहून जातं, आणि बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यावरच अडलेली असतात.

तोंडाचा कॅन्सर, म्हणजे गर्भाशयमुखाचा, आपल्याकडे फार मोठ्या संख्येने होतो. २०२० च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या वर्षी त्याच्या सव्वा लाखाच्या आसपास नव्या रुग्ण होत्या. तो एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि लस घेऊन बऱ्याच अंशी टाळता येतो. अस्तराच्या कॅन्सरच्या नव्या रुग्ण त्याच वर्षी सोळा हजारांच्या आसपास. त्याचा विषाणूशी संबंध नाही; संबंध आहे तो हार्मोनशी. पाळी येत असते तोवर इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं आणि प्रोजेस्टेरॉन त्याला लगाम घालतं. पाळी गेली की बीजकोश थंडावतात, पण अंगावरची चरबी थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवतच राहते. लगाम उरत नाही. वर्षानुवर्षं अस्तर वाढत राहिलं की त्यातल्या काही पेशी बिघडतात. वजन, मधुमेह, मूल न होणं, पीसीओडी, स्तनाच्या कॅन्सरनंतर घेतलेलं टॅमॉक्सिफेन या सगळ्यांची नावं या आजाराच्या कारणांत येतात ती यामुळेच. श्रीमंत देशांत हाच कॅन्सर जास्त आणि तोंडाचा कमी. आपल्या शहरांचं वळण हळूहळू तिकडेच चाललं आहे.

या आजाराची एक गोष्ट मात्र रुग्णाच्या बाजूची आहे. तो लवकर बोलतो. पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि त्यानंतर अंगावरून लाल गेलं, एकदाच गेलं, नुसता डाग पडला तरी ती पाळी नव्हे. ‘परत पाळी सुरू झाली, बरं लक्षण आहे’ असं म्हणणाऱ्या शेजारणी प्रत्येक गावात असतात. अशा रक्तस्रावाच्या दहा बायका तपासल्या तर साधारण एकीला कॅन्सर निघतो. बाकीच्यांना पातळ झालेलं अस्तर, एखादा मोड किंवा संसर्ग. ती एक कोण हे बाहेरून कळत नाही. आतून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी चार मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरली तर डॉक्टर बरेच निर्धास्त होतात. जास्त भरली तर अस्तराचा तुकडा घ्यायचा. त्यासाठी हल्ली बॉलपेनच्या रिफिलपेक्षा थोडीशी जाड प्लास्टिकची नळी असते. ओपीडीत, भूल न देता, पाळीत येते तशी कळ येऊन दोन-चार मिनिटांत काम होतं. तुकड्याचा रिपोर्ट आला, एमआरआयने आजार गर्भाशयाच्या बाहेर गेलेला नाही असं दिसलं, की मग ऑपरेशनची भाषा.

ऑपरेशन काय, तर गर्भाशय, त्याचं तोंड, दोन्ही नळ्या आणि बहुतेक वेळा दोन्ही बीजकोश काढणं. पोट उघडून करायचं तर बेंबीखालून, काही वेळा बेंबीच्या वरूनही, खाली ओटीपोटापर्यंत उभा छेद. सर्जनचे दोन्ही हात पोटात. दुर्बिणीच्या पद्धतीत बेंबीशी एक सेंटीमीटरचं भोक आणि बाजूंना अर्ध्या सेंटीमीटरची तीनेक. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. आतडी आणि पोटाची भिंत यांच्यात जागा व्हावी म्हणून. मग टेबल डोक्याकडून खाली झुकवतात. आतडी वजनाने छातीकडे सरकतात आणि ओटीपोटाची पोकळी पडद्यावर उघडी दिसते, साध्या डोळ्यांनी दिसली नसती इतकी मोठी. चांगला सर्जन इथे पहिलं काम करतो ते दोन्ही नळ्या बंद करण्याचं. गर्भाशय हलवाहलवीत दाबलं गेलं तर आतल्या पेशी नळ्यांमधून पोटात सांडू नयेत म्हणून. मग रक्तवाहिन्या एकेक करून जाळून कापायच्या. मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या रक्तवाहिनीखालून जाते, तोंडापासून जेमतेम दोन सेंटीमीटरवरून. जुन्या-नव्या सगळ्या सर्जनांची छाती तिथे धडधडते. शेवटी योनीचा वरचा भाग गोल कापून गर्भाशय खालच्या वाटेने बाहेर काढतात. अखंड. या शब्दाशी पुन्हा यावं लागेल.

पोटावर भली मोठी जखम नाही, हा फायदा डोळ्यांना दिसतो. पण कॅन्सरच्या ऑपरेशनचा खरा कस असतो तो पाच वर्षांनी बाई जिवंत आहे का, याचा. त्यासाठी अमेरिकेत १९९६ ते २००५ या काळात २,६१६ बायकांवर एक चाचणी झाली. कुणाचं पोट उघडायचं आणि कुणाला दुर्बीण, हे नशिबावर सोडलं होतं; तसं केल्याशिवाय तुलना खरी होत नाही. दुर्बिणीला वेळ जास्त लागला, १३० मिनिटांच्या जागी २०४. ऑपरेशननंतरचे बऱ्यापैकी गंभीर त्रास २१ टक्क्यांवरून १४ वर आले. दोन दिवसांपेक्षा जास्त दवाखान्यात राहावं लागलेल्या बायका उघड्या ऑपरेशनात ९४ टक्के, दुर्बिणीत ५२. आणि पाच वर्षांनी जिवंत असलेल्या दोन्हीकडे ८९.८ टक्के. दशांशापर्यंत सारखा आकडा वैद्यकात क्वचितच येतो. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि हाँगकाँगमध्ये ७६० बायकांवर तशीच चाचणी झाली. तिचा निकाल २०१७ साली आला: साडेचार वर्षांनी आजाराशिवाय असलेल्या उघड्या ऑपरेशनात ८१.३ टक्के, दुर्बिणीत ८१.६. अस्तराच्या सुरुवातीच्या कॅन्सरचा वाद इथे मिटला. जगभरच्या मार्गदर्शिका आता दुर्बिणीलाच पहिली पसंती देतात.

तोंडाच्या कॅन्सरलाही हेच लागू पडणार, असं सगळ्यांनी जवळपास गृहीत धरलं होतं. त्यात पुण्याचं नाव मोठं. गॅलेक्सी केअर रुग्णालयाचे डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ते मोठं, किचकट ऑपरेशन दुर्बिणीने करण्याची स्वतःची पद्धत बसवली. २००७ साली २४८ रुग्णांचा अनुभव त्यांनी प्रसिद्ध केला तो ‘पुणे टेक्निक’ या नावाने. शहराच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया आपल्याकडे विरळाच. याच पुणतांबेकरांच्या पथकाने २०१७ साली देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपणही केलं. हात किती तयार होता, हे सांगायला नको.

मग २०१८ चा ऑक्टोबर उजाडला. १३ देशांतल्या ३३ रुग्णालयांत चाललेल्या चाचणीचा निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. गर्भाशयमुखाचा सुरुवातीचा कॅन्सर, ६३१ बायका, तीच दोन पद्धतींची तुलना. साडेचार वर्षांनी आजारापासून मुक्त असलेल्या: पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के, दुर्बीण किंवा रोबो वापरलेल्यांत ८६ टक्के. मृत्यू ३ आणि १९. चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीने नव्या रुग्ण घेणं आधीच थांबवायला लावलं होतं. दुर्बीण निदान तितकीच चांगली ठरेल, हे दाखवायला निघालेल्या संशोधकांच्या हाती उलटाच निकाल आला आणि त्यांनी तो तसाच छापला. मला या सगळ्या कथेत सर्वांत जास्त आदर वाटतो तो याचा. मार्गदर्शिका बदलल्या आणि तोंडाच्या कॅन्सरसाठी पोट उघडणं पुन्हा प्रमाण पद्धत झाली. दुर्बिणीत तरबेज असलेल्या अनेक सर्जनांना हे अजून पूर्ण पटलेलं नाही. योग्य काळजी घेतली तर निकाल वेगळे येतात, असं त्यांचं म्हणणं आहे आणि त्यावर नव्या चाचण्या सुरूही झाल्या. पण तोवर पुरावा उघड्या ऑपरेशनच्या बाजूचा आहे.

असं का व्हावं? सर्वांत पटणारं उत्तर आजाराच्या जागेत आहे. अस्तराचा कॅन्सर सीलबंद डब्यातल्या मालासारखा असतो: भोवती दीड-दोन सेंटीमीटर जाडीचा स्नायू, आणि डबा न फोडता बाहेर काढला की काम झालं. तोंडाचा कॅन्सर झाकणालाच लागलेला. गर्भाशय हलवण्यासाठी खालून एक दांडा आत घालतात. तो नेमका गाठीतूनच जातो. वरून योनी कापली जाते तेव्हा गाठ पोटाच्या पोकळीत उघडी पडते आणि तिथे गॅस खेळत असतो. पोट उघडून करताना गाठीच्या खाली योनीला चिमटा लावून गाठ बंद करून घेता येते.

म्हणून ‘अखंड’ या शब्दाशी परत येऊ. अस्तराच्या कॅन्सरमध्येही दुर्बिणीचा फायदा टिकतो तो गर्भाशय न फोडता निघालं तरच. फायब्रॉइडच्या गाठींनी ते एवढं वाढलं असेल की खालच्या वाटेने निघणार नाही, तर पोटावर छेद घेणं हेच शहाणपण. तुकडे करून बाहेर काढण्याचा मोह इथे घात करतो. अमेरिकेत बोस्टनच्या भूलतज्ज्ञ एमी रीड यांच्या गर्भाशयातल्या गाठी २०१३ साली फिरत्या पात्याच्या यंत्राने बारीक करून काढल्या गेल्या. त्यात लपलेला सार्कोमा हा कॅन्सर पोटभर पसरला. त्या स्वतः डॉक्टर, नवरा सर्जन, दोघांनी आवाज उठवला. २०१४ साली अमेरिकी औषध प्रशासनाने इशारा दिला की गाठींसाठी ऑपरेशन होणाऱ्या ३५० बायकांमागे एकीत असा न कळलेला सार्कोमा असू शकतो. एमी रीड २०१७ साली गेल्या.

आपल्याकडचा धोका याहून साधा आहे, आणि मला तो जास्त छळतो. छोट्या गावातल्या दवाखान्यात पिशवी काढल्यावर नर्स ती ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवते. मग प्लास्टिकच्या बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये बुडवून, ती एखाद्या भाच्याच्या हातात दिली जाते: ‘लॅबमध्ये देऊन या.’ भाचा देतोही. पण कधी लॅब बंद असते, कधी पैसे कमी पडतात, कधी ‘काढून टाकली ना, आता कशाला तपासायची’ असं कोणी वडीलधारं म्हणतं. रक्त जातं म्हणून, आधी तुकडा न घेताच गर्भाशय काढलेली अशी बाई कॅन्सरची होती की नव्हती, हे मग कायमचं अंधारात राहतं. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण २०१९ साली गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने ८२,३०९ बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. चर्चा झाली ती विनाकारण केलेल्या ऑपरेशनांची, आणि ती व्हायलाच हवी होती. त्या बरण्यांपैकी किती तपासल्या गेल्या, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

आता मजुरीचा हिशेब. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ पासून दुर्बीण वापरली आणि १९९० साली देशातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं. ही श्रीमंतांची चैन आहे, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. उडवाडियांचं म्हणणं नेमकं उलट होतं: ज्याचं पोट रोजंदारीवर आहे त्यालाच लवकर उठून कामाला लागण्याची गरज जास्त. कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या किंवा दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या बाईला हे तंतोतंत लागू होतं. उघड्या ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे घरी. जखम पिकली किंवा पुढे तिथे हर्निया झाला तर हिशेब आणखी वाढतो. दुर्बिणीनंतर एक-दोन दिवसांत घरी आणि दोन-तीन आठवड्यांत हलकं काम.

पण यात एक फसगत आहे. पोटावर चार बारीक टाके बघून घरच्यांना वाटतं, काही झालंच नाही. योनीच्या टोकाला आतून घातलेले टाके दोन्ही पद्धतींत असतात, आणि ते उसवण्याचा धोका दुर्बिणीत उलट थोडा जास्त. त्यामुळे हंडा, लाकडाची मोळी, सिमेंटचं घमेलं आणि नवऱ्याशी संबंध, हे सगळं निदान सहा ते आठ आठवडे बंद. ‘सूनबाई, आता तर उभी राहिलीस, पाणी आणायला काय होतंय’ या वाक्याने दुर्बिणीची सगळी कमाई पाण्यात जाऊ शकते. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी हे सासूसमोर आणि नवऱ्यासमोर सांगावं, नुसतं कार्डावर लिहू नये.

जाड बाईचं कोडं वेगळंच. तिलाच हा कॅन्सर जास्त होतो, मोठ्या छेदाचा त्रासही तिलाच जास्त, म्हणून दुर्बिणीची गरजही तिलाच. पण डोकं खाली आणि पोटात गॅस, अशा स्थितीत तिच्या फुप्फुसांवर भार येतो. त्या अमेरिकी चाचणीत दुर्बिणीने सुरू केलेल्या चारपैकी एकीचं पोट मध्येच उघडावं लागलं. खूप वजनाच्या बायकांत तर निम्म्याहून जास्त जणींचं. हे अपयश नव्हे. ‘दुर्बिणीनेच करतो, गॅरंटी’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘गरज पडली तर उघडेन’ असं आधी सांगणारा सर्जन माझ्या मते बरा. रोबोने अशा रुग्णांत सर्जनचे कष्ट वाचतात, पण त्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. घर गहाण ठेवून रोबोच्या मागे लागायचं कारण नाही.

दादरा नगर हवेलीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. इथल्या वारली, कोकणा, धोडिया समाजांत सिकल सेलचा दोष आढळतो. प्राणवायू कमी पडला, अंग गार पडलं, पाणी कमी झालं किंवा रक्तात आम्लता वाढली की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवतात. पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड थोडा रक्तात शोषला जातो आणि आम्लता वाढवू शकतो. भूलतज्ज्ञ श्वासाचं यंत्र वाढवून तो बाहेर काढतातच, पण सिकल सेल आहे हे आधी माहीत असेल तर जास्त काळजी घेता येते. सिकल सेलची तपासणी स्वस्त आहे. ऑपरेशनच्या आधी ती झालेली असावी, दुर्बिणीने असो की उघडून.

लसिका गाठींचा मामला थोडक्यात. पूर्वी त्या सगळ्या उपसून काढत. काहींचे पाय कायमचे सुजत. सुरुवातीच्या टप्प्यात सरसकट काढून आयुष्य वाढत नाही, असं दोन मोठ्या युरोपीय चाचण्यांत दिसलं. आता गर्भाशयाच्या तोंडात हिरवा रंग टोचतात, तो ज्या पहिल्या गाठीपर्यंत वाहतो ती खास कॅमेऱ्याखाली चमकते, तेवढीच काढून तपासतात.

सिल्वासात विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आहे आणि २०१९ पासून त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालयही. सोनोग्राफी आणि तुकड्याची तपासणी घराजवळ झाली की अर्धं काम होतं. कॅन्सर ठरला तर वापीहून गाडी पकडून तीनेक तासांत दादर, आणि तिथून परळचं टाटा हॉस्पिटल जवळच. आयुष्मान कार्ड असेल तर ते आणि तुकड्याची मूळ काच (स्लाइड) सोबत न्यायची. नुसता रिपोर्ट पुरत नाही, कारण टाटासारख्या ठिकाणी काच पुन्हा वाचतात आणि कधी कधी निदान बदलतंही.

ऑपरेशननंतर हाती येणाऱ्या रिपोर्टात चार-पाच गोष्टी शोधायच्या: पेशी किती बिघडलेल्या, म्हणजे ग्रेड, आजार स्नायूच्या अर्ध्या जाडीच्या आत की पलीकडे, रक्तवाहिन्यांत शिरला आहे का, आणि एमएमआर व पी५३ या प्रथिनांची नोंद. पहिला ग्रेड आणि अर्ध्याच्या आत असेल तर बहुतेकींना पुढे काहीच लागत नाही. अर्ध्याच्या पलीकडे गेला तर योनीच्या टोकाला आतून रेडिएशनच्या काही बैठका. आजार उलटला तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत उलटतो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, आणि मध्ये कधीही रक्त दिसलं तर तारखेची वाट न बघता. एमएमआर प्रथिन गायब आहे असं लिहिलं असेल तर तो कागद फाइलला लावून विसरायचा नाही. त्यामागे लिंच नावाचा आनुवंशिक दोष असू शकतो. तो असेल तर मुली-बहिणींना अस्तराचा आणि मुलं, भाऊ, बहिणी सगळ्यांनाच मोठ्या आतड्याचा कॅन्सर होण्याचा धोका वाढलेला असतो. रक्ताच्या तपासणीत दोष सापडला तर त्यांची आतड्याची दुर्बीण-तपासणी बऱ्याचदा विशी-पंचविशीतच सुरू करतात.